दुसऱ्या खुर्चीतील यशवंतराव

अमेरिकेच्या राज्यघटनेने उपाध्यक्षाला काम थोडे दिले. पण वारसा मोठा दिला. केनेडींच्या हत्येनंतर १९६३ साली जॉन्सन आणि निक्सन यांच्या राजीनाम्यानंतर १९७४ साली फोर्ड याच पायरीवरून अध्यक्षपदी पोहोचले. आपल्याकडील उपपंतप्रधानाच्या वाट्याला असा कोणताही हक्क आलेला नाही. राज्यघटनेत त्या पदाचा उल्लेखसुद्धा नाही. नेहरू आणि शास्त्री निवर्तले तेव्हा दोन्ही वेळा हंगामी पंतप्रधान झाले ते गुलझारीलाल नंदा. आणि ते उपपंतप्रधान नव्हते! अशा या पदावर बसलेले एकमेव मराठी नेते म्हणजे यशवंतराव चव्हाण.

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे जन्म, बालपणीच पितृछत्र हरपलेले, आई विठाईच्या कष्टांवर कऱ्हाडात झालेले शिक्षण आणि मॅट्रिकच्या आधीच घडलेला कारावास, अशी या चरित्राची सुरुवात आहे. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचे आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे ते मुख्यमंत्री झाले. चीनच्या आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले. पुढे गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खाती त्यांनी सांभाळली. राजधानीत एवढा दीर्घ आणि विविध अनुभव फार थोड्यांच्या गाठी होता.

तरीही पहिली खुर्ची दूरच राहिली. जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते या नात्याने त्यांनी मोरारजी देसाई सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला आणि ते सरकार कोसळले. राष्ट्रपती संजीव रेड्डी यांनी सरकार बनविण्याचे पहिले निमंत्रण यशवंतरावांनाच दिले. पण पाठीशी पुरेसे संख्याबळ नव्हते. काही दिवसांतच त्यांनी असमर्थता कळविली. २८ जुलैला चरणसिंग पंतप्रधान झाले. उपपंतप्रधानपद आणि गृहखाते यशवंतरावांकडे आले. २० ऑगस्टला, लोकसभेला सामोरे न जाताच, चरणसिंगांनी राजीनामा दिला. उरलेले महिने काळजीवाहू सरकारचे.

टीकाकारांनी त्यांच्या सावधपणाला कुंपणावरचे राजकारण म्हटले. त्यात तथ्य नव्हते असे म्हणवत नाही. मात्र संख्या नसताना सत्ता नाकारण्याच्या प्रामाणिकपणालाही तेच नाव देणे अन्यायाचे होईल. चूक घडली असेल तर ती पुढच्या पावलाला: ज्या सरकारला सभागृहात बहुमत दाखविता येणार नव्हते, त्यात दुसरे स्थान स्वीकारण्यात काय मिळवायचे होते? पुढे ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले, आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष झाले. १९८३ मध्ये वेणूताई गेल्या आणि २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचेही निधन झाले.

उपपंतप्रधानपदाचे ते सहा महिने महाराष्ट्राला फारसे आठवत नाहीत. आठवते ते त्याआधीचे मुंबईतले काम. जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून कामाला लागल्या. शिवाजी विद्यापीठ त्याच वर्षीचे. आर्थिकदृष्ट्या मागास घरांतील मुलांना मिळालेल्या फी-सवलतीवर शिकलेल्या पिढीतून आजचे कितीतरी निवृत्त शिक्षक आणि कारकून घडले.

मुळशी तालुक्यात हिंजवडीला लागून असलेल्या माण गावच्या शिवारात आज संगणक-कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत. तेथील भूखंड आखले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने. पिंपरी-चिंचवड आणि चाकण येथील औद्योगिक वसाहतीही त्याच्याच. जमीन गेलेल्या शेतकऱ्याला या इतिहासाची दुसरी बाजू सांगावीशी वाटेल, आणि ती ऐकलीही पाहिजे. हे महामंडळ स्थापन झाले १ ऑगस्ट १९६२ रोजी, यशवंतराव मुख्यमंत्री असताना. त्याला चार महिने पुरे होण्याआधीच ते दिल्लीला गेले आणि मुख्यमंत्रिपदाकडे पुन्हा कधी परतले नाहीत.