हिवाळ्यातील ब्रह्मपुत्रा : नाव की रस्ता?

आसामातील जोरहाट शहराच्या उत्तरेला काही किलोमीटर अंतरावर निमाती घाट आहे. समोर ब्रह्मपुत्रेचे विस्तीर्ण पात्र आणि त्यापलीकडे माजुली हे नदीबेट. जलमार्गाने मोजल्यास दोन्ही काठांमधील अंतर १२.७ किलोमीटर भरते. हाच प्रवास मालमोटारीने तेजपूरच्या पुलावरून वळसा घालून करावयाचा म्हटल्यास ते अंतर ४२३ किलोमीटर होते. या दोन आकड्यांकडे पाहून कोणासही वाटेल की येथे निवड करण्यासारखे काही नाहीच. शहाण्या माणसाने नावेत बसावे. परंतु हिवाळा आला की हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही.

ब्रह्मपुत्रा ही एका प्रवाहाची नदी नव्हे. वेणीच्या पेडांप्रमाणे अनेक प्रवाह एकमेकांपासून विलग होतात, पुन्हा मिळतात आणि त्यांच्या मधोमध वाळूची बेटे तयार होतात. या बेटांना तेथे ‘चर’ अथवा ‘चापरी’ म्हणतात. १५ ऑगस्ट १९५० रोजी झालेल्या महाभूकंपाने डोंगरकडे कोसळून नदीत अपरिमित गाळ आला, पात्र उथळ झाले आणि प्रवाहांची चंचलता अधिकच वाढली. पावसाळ्यात हे सारे पाण्याखाली जाते आणि नदी समुद्रासारखी भासते. आश्विन सरला की पाणी ओसरू लागते आणि माघ-फाल्गुनापर्यंत ते नीचांकाला पोहोचते. तेव्हा पावसाळ्यात ज्या जागेवरून नाव सरळ निघून जात असे, तेथे वाळूचे पठार उघडे पडलेले असते.

याचा पहिला परिणाम घाटावर होतो. घाट म्हणजे दगडी पायऱ्यांचे कायमचे बांधकाम, अशी जी कल्पना गंगाकाठच्या तीर्थक्षेत्रांवरून आपल्या मनात असते, ती येथे लागू पडत नाही. येथील घाट पाण्यामागे चालतो. पाणी मागे सरले की तराफा व उतरण्याच्या फळ्या पुढे न्याव्या लागतात आणि पक्क्या सडकेपासून पाण्यापर्यंतचा वाळूचा पट्टा प्रवाशाला तुडवावा लागतो. वाहनांची चाके रुतू नयेत म्हणून वाळूवर बांबूच्या चटया किंवा गवत अंथरतात.

दुसरा परिणाम जलमार्गावर होतो. उथळ पात्रातून नाव नेताना तांडेलाला पुरेशा खोलीची अरुंद वाट शोधावी लागते. ती वाट बांबूच्या काठ्या रोवून दाखविलेली असते आणि वाळू सरकली की काठ्याही हलवाव्या लागतात. सदिया ते धुब्री हा ब्रह्मपुत्रेचा ८९१ किलोमीटर लांबीचा भाग १९८८ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २ म्हणून घोषित झाला. धुब्रीपासून निमातीपर्यंत किमान अडीच मीटर खोली राखावी, असे उद्दिष्ट भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाने ठेवले आहे. त्यासाठी वापरली जाणारी एक युक्ती मोठी सुबोध आहे. बांबूच्या ताट्या प्रवाहाशी तिरप्या कोनात उभ्या करतात. पृष्ठभागाजवळचे पाणी त्यांना अडून मधल्या वाटेकडे वळते व तेथील वाळू खरवडून नेते. ताट्यांच्या मागे पाण्याचा वेग मंदावून गाळ खाली बसतो. अशा रीतीने नदीच स्वतःचा मार्ग खोल करते. मात्र हे सर्व प्रामुख्याने मुख्य जलमार्गासाठी. एका काठावरून दुसऱ्या काठाकडे जाणाऱ्या नावेला मुख्य प्रवाह सोडून उथळ फाट्यांतही शिरावे लागते आणि तेथे तळ वाळूला टेकण्याची शक्यता अधिक असते.

तिसरी अडचण धुक्याची. हिवाळ्यातील निरभ्र व निर्वात रात्री जमीन झपाट्याने थंड होते, परंतु नदीचे पाणी त्या मानाने उबदार राहते. पाण्यावरील दमट हवा थंड हवेत मिसळली की बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात आणि पहाटे पात्र दाट धुक्याने भरून जाते. काठ्यांच्या खुणा दिसेनाशा झाल्यावर नाव सोडता येत नाही. सकाळची पहिली फेरी चुकली की दिवसाचे सारे वेळापत्रक पुढे ढकलले जाते. इकडे दिवस तर आखूड. भारताची प्रमाणवेळ देशाच्या मध्यभागावरून ठरलेली असल्यामुळे आसामच्या पूर्व भागात डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारासच सूर्यास्त होतो. (चहाचे मळेवाले आपली घड्याळे एक तास पुढे ठेवतात, त्या ‘बागान वेळे’चे कारणही हेच.) प्रवासी वाहतूक दिवसाउजेडीच चालत असल्याने धुके व अंधार यांच्यामध्ये उरलेल्या थोड्या तासांतच दोन्ही काठांचा व्यवहार उरकावा लागतो.

आता रस्त्याचा विचार करू. ब्रह्मपुत्रेवर पूल बांधणे हे दीर्घकाळ अशक्यप्राय मानले जात होते. गुवाहाटीजवळचा सराईघाटचा पूल १९६२ मध्ये वाहतुकीस खुला झाला, तोपर्यंत पांडू व आमीनगाव या दोन काठांदरम्यान आगगाडीचे प्रवासीसुद्धा नावेनेच नदी ओलांडीत. तेजपूरजवळचा कोलियाभोमोरा सेतू १९८७ मध्ये, जोगीघोपा येथील नरनारायण सेतू १९९८ मध्ये आणि दिब्रुगढजवळचा ४.९४ किलोमीटर लांबीचा बोगीबील पूल २५ डिसेंबर २०१८ रोजी खुला झाला. माजुलीच्या दृष्टीने तेजपूरचा पूल नदीच्या खालच्या अंगाला, तर बोगीबीलचा वरच्या अंगाला आहे. बोगीबीलमुळे पूर्वेकडून उत्तर काठावर येण्याची अधिक जवळची वाट मिळाली. तरीही तो वळसा शेकडो किलोमीटरांचाच राहिला.

उत्तर काठ गाठला म्हणजे माजुली आली, असेही नाही. बेटाच्या उत्तरेस सुबनसिरी नदी आणि ब्रह्मपुत्रेचे जुने फाटे आहेत. येथे मात्र हिवाळा प्रवाशाच्या बाजूने उभा राहतो. पाणी उतरल्यावर लहान फाट्यांवर बांबूचे तात्पुरते पूल उभारले जातात आणि पावसाळ्यात दुर्गम असलेल्या वाटा चालत्या होतात. म्हणजे ज्या ऋतूत दक्षिणेकडील जलमार्ग अवघड होतो, त्याच ऋतूत उत्तरेकडील खुष्कीचा मार्ग सुकर होतो. निवडीचा प्रश्न हिवाळ्यातच खऱ्या अर्थाने का उद्भवतो, याचे उत्तर या विरोधाभासात आहे.

परंतु धुके काही केवळ नदीवरच उतरत नाही. तेजपूरच्या वाटेवरचा महामार्ग काझीरंगा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने जातो. तेथे वन्य प्राणी रस्ता ओलांडतात आणि वाहनांच्या वेगावर निर्बंध असतात. ताशी सरासरी ४० किलोमीटर वेग धरला तरी ४२३ किलोमीटरांना साडेदहा तास लागतात. त्यात विश्रांती, घाट नसले तरी अरुंद पूल आणि गावोगावची बाजारपेठ मिळवली की पुरा दिवस जातो. नाव मात्र तासा-दीड तासात पोहोचते. प्रवाहाबरोबर जाताना वेळ कमी लागतो, उलट येताना अधिक.

सुरक्षिततेचा विचार करताना ऋतूंचा भेद ध्यानात घेतला पाहिजे. ३० एप्रिल २०१२ रोजी धुब्री जिल्ह्यात वादळात सापडून प्रवासी नौका बुडाली आणि शंभरांहून अधिक माणसे दगावली. ८ सप्टेंबर २०२१ रोजी निमाती घाटाजवळ ‘मा कमला’ ही खाजगी नौका ‘टिपकाई’ या सरकारी बोटीशी टक्कर होऊन उलटली. त्यानंतर एक इंजिनाच्या खाजगी नौकांवर बंदी घालण्यात आली. पहिली दुर्घटना वादळांच्या काळातली, दुसरी भरल्या पाण्याची. हिवाळ्यातील नदी त्या मानाने शांत असते. तेव्हा नावेला प्रामुख्याने भय असते ते खोळंब्याचे, वाळूत रुतण्याचे आणि धुक्यात वाट चुकण्याचे. जीवरक्षक जाकीट अंगावर असणे व मर्यादेबाहेर प्रवासी न घेणे, हे दोन नियम मात्र कोणत्याही ऋतूत शिथिल करण्याजोगे नाहीत.

मग निवड करावयाची ती कशी? याचे उत्तर प्रवाशाच्या कामावर अवलंबून आहे. जोरहाटला शिकणारा विद्यार्थी, कचेरीत कामासाठी जाणारा शेतकरी किंवा औनियाती, गरमूर, कमलाबाडी यांसारख्या सत्रांच्या दर्शनाला निघालेला यात्रेकरू यांना नावच सोयीची. मात्र त्यांनी पहिल्या फेरीवर भिस्त न ठेवता दिवसाची मोकळीक ठेवावी. कार्तिकी पौर्णिमेच्या रासोत्सवात घाटावर अलोट गर्दी होते, तेव्हा स्वतःचे वाहन घेऊन नावेची वाट पाहण्यापेक्षा ते काठावर ठेवून पायीच नावेत चढणे शहाणपणाचे ठरते. सालमोरा गावच्या कुंभारांना तर रस्त्याचा विचारही शिवत नाही. चाकाशिवाय हातांनी थापून घडविलेली त्यांची मडकी पिढ्यान्‌पिढ्या नावांतूनच दूरदूरच्या गावी गेली आहेत.

मालमोटारीचा हिशेब वेगळा. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी निमाती व माजुली यांच्या दरम्यान वाहने वाहून नेणारी ‘भूपेन हजारिका’ ही नौका सुरू झाली. तीत एका वेळी ८ मालमोटारी व १०० प्रवासी मावतात. एवढ्या नौकेमुळे ४२३ किलोमीटरांचे इंधन वाचते. परंतु रांगेत नवव्या क्रमांकावर उभ्या असलेल्या चालकाला पुढील फेरीची वाट पाहावी लागते आणि पाणी फारच उतरले तर ती फेरी होईलच याची शाश्वती नसते. नाशवंत माल नसेल तर थांबणे परवडते. मुदत बांधलेली असेल, तर रात्रीच वळशाचा रस्ता धरणे भाग पडते. खालच्या आसामातही हीच कथा आहे. धुब्री ते मेघालयातील फुलबाडी हा नदीपलीकडचा प्रवास रस्त्याने २०५ किलोमीटरांचा होतो. तेथे १९ किलोमीटर लांबीचा पूल उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे.

या साऱ्या हिशेबात न बसणारा एक प्रवासी असतो, तो म्हणजे रोगी. संध्याकाळी घाट बंद झाल्यावर माजुलीत एखाद्या स्त्रीच्या प्रसूतीत गुंतागुंत निर्माण झाली, तर जोरहाटचे रुग्णालय दृष्टीच्या टप्प्यात असूनही हाताशी नसते. विशेष नाव सोडता आली तर ती. नाहीतर फाटे ओलांडून उत्तर लखीमपूरचा रस्ता. दिवसा प्रवासी मार्ग निवडतो. रात्री धुकेच त्याच्यासाठी मार्ग निवडते. बेटावरील बहुसंख्य लोक पुलाची मागणी करीत आले ते याच कारणाने. जोरहाट व माजुली यांना जोडणाऱ्या पुलाचे भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०२१ रोजी झाले. तो पुरा झाल्यावरही मडक्यांच्या नावा चालतील, सत्रांकडे जाणारे काही यात्रेकरू हौसेने नदीतूनच जातील. मात्र त्यानंतर नावेत बसणे ही खरोखरीची निवड असेल. रुग्णाच्या उशाशी बसून पहाटेची आणि धुके विरण्याची वाट पाहणे कोणाच्या वाट्याला येणार नाही.