बाबांची वाट आणि अर्धा युनिट वीज

१९८२ सालची दिवाळी सरली आणि माझे वडील मुंबईहून गावी आले, ते सायकलने. लालबागच्या गाळ्यातून निघून कणकवलीच्या अलीकडच्या आमच्या वाडीपर्यंत, म्हणजे चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर, एका जुन्या काळ्या सायकलवर. गिअर नाहीत, बरोबर कोणी नाही, मागच्या कॅरिअरला एक वळकटी बांधलेली. पाच दिवस लागले, असे घरात सांगत. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. त्यानंतर चाळीस वर्षे बाबा आमच्यात होते. पण त्या प्रवासाविषयी कधी भरभरून बोलले नाहीत. कोणी फारच खनपटीला बसले तर एवढेच म्हणत, ‘कशेडीत सायकल माका घेवन नाय गेली, मीच सायकलीक घेवन गेलंय.’ आणि विषय बदलत.

२०२२ च्या डिसेंबरात बाबा गेले. वर्षश्राद्ध आटोपले तेव्हा मनात आले, की ती वाट एकदा सायकलनेच करून बघावी. वय पन्नाशीचे, उजवा गुडघा कुरकुरणारा, आणि डोंबिवली ते फोर्ट असा लोकलमधला उभा प्रवास हाच काय तो व्यायाम. साध्या सायकलचा विचार डॉक्टरांनी एका वाक्यात निकालात काढला. मग राहिली विजेची सायकल. मुलाने ती शोधून दिली. पण मनाला एक खुट्टी लागली. बापाने घाम गाळून कापलेली वाट आपण मोटारीच्या जिवावर कापायची, ही आठवण झाली की थट्टा? हा प्रश्न घेऊनच मी निघालो. १८ जानेवारी २०२४, गुरुवार.

ही तारीख मुद्दाम निवडली होती. ज्यांचा जन्मच मॉलच्या जमान्यातला आहे, त्यांच्यासाठी सांगायला हवे. १९८२ साली याच तारखेला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत नेते होते. साठ गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कोणी कधी जाहीर केलेच नाही. भोंगे मात्र एकेक करून थांबले. बाबा साचेखात्यात बदली कामगार होते. लालबागच्या एका गाळ्यात वीस-बावीस जण पाळीपाळीने झोपत. खानावळीचे पैसे भागवून उरेल ते मनीऑर्डरने गावी. संपाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यात मनीऑर्डर थांबली. बाबांनी जुनी सायकल विकत घेतली आणि पहाटे घरोघर पाव टाकायला लागले. दिवाळीपर्यंत तेही जमेनासे झाले.

त्याच सायकलवर ते गावी आले.

आता माझ्या वाहनाविषयी, कारण वाटेत प्रत्येक टपरीवर मला तेच विचारले गेले. ही स्कूटर नव्हे; पायडल मारावेच लागते. मागच्या चाकाच्या तुंब्यात २५० वॉटची मोटार असते. तुम्ही पायडल मारू लागलात की तिथला एक सेन्सर मोटारीला खबर देतो आणि ती मागून हलकेच ढकलते. ताशी पंचवीस किलोमीटरांना ढकलणे थांबते. ही मर्यादा नियमानेच घातलेली आहे, आणि ती पाळणाऱ्या सायकलला लायसनही लागत नाही की नंबरप्लेटही. माझी बॅटरी ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-तास. गुणाकार केला तर जेमतेम अर्धा युनिट. सपाटीवर पाय चालते ठेवले तर त्यात पन्नासएक किलोमीटर होतात, घाटात पुष्कळच कमी. म्हणून बरोबर दोन बॅटऱ्या होत्या. आणि उतारावर बॅटरी आपोआप भरते का? निदान माझ्या सायकलची तरी नाही. हा प्रश्न पेणपासून राजापूरपर्यंत इतक्यांनी विचारला, की पाटी करून गळ्यात अडकवावी असे वाटू लागले.

शीवहून मानखुर्द, वाशीचा पूल, पनवेल. नवा अटल सेतू त्याच्या सहाच दिवस आधी, १२ जानेवारीला खुला झाला होता. पण त्यावर दुचाक्यांना मज्जाव, मग सायकलची काय कथा! एका परीने बरेच झाले. बाबाही खाडी ओलांडून वाशीवरूनच गेले असणार. कर्नाळ्याची खिंड चढताना मोटारीने पहिल्यांदा आपले गुण दाखवले. दम लागत होता, पण छाती फुटत नव्हती. शेजारून ट्रक अंगावर आल्यासारखे जात होते. रात्री पेणला उतरलो तेव्हा लॉजच्या मालकाने बॅटरी हातात घेऊन वजन पाहिले आणि म्हणाला, ‘मोठा मोबाइलच समजायचा, लावा.’ पुढे बहुतेक ठिकाणी हाच अनुभव आला. चार्जिंगचे पैसे विचारले की लोकांना संकोच वाटे.

वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव. या पट्ट्याविषयी फार लिहीत नाही. रस्ता रुंद करण्याचे काम २०११ च्या सुमारास सुरू झाले, आणि एक तप उलटून गेले तरी मी गेलो तेव्हा वळणरस्ते, खडी आणि धूळ होतीच. गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याला तो रस्ता मी सांगायला नको.

महाड सोडले आणि सावित्रीच्या पुलावर थांबलो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिश काळातला जुना पूल पुरात कोसळला. एसटीच्या दोन गाड्या आणि काही लहान वाहने माणसांसकट नदीत गेली. नवा पूल पुढच्या वर्षी जूनमध्ये सुरूही झाला. ती बातमी टीव्हीवर चालली होती तेव्हा बाबा समोर बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ह्या पुलाच्या कठड्यार बसान मी पाव खाल्लेलंय.’ चाळीस वर्षांत त्या प्रवासाबद्दल ऐकलेले हे त्यांचे दुसरे वाक्य. तो कठडा आता नाही. नव्या पुलावर बसून खाण्यासारखे काही नाही. गाड्या वेगात जातात. मी सायकल कडेला धरून काही वेळ पाण्याकडे पाहिले. जानेवारीतली सावित्री इतकी शांत, की तिने कोणाचे काही नेले असेल असे वाटू नये.

पोलादपूरला मुक्काम केला तो दोन्ही बॅटऱ्या काठोकाठ भरून घ्यायला. दुसऱ्या दिवशी कशेडी. घाटाला आता बोगदा झाला आहे. मी जुन्या रस्त्याने गेलो. एका वळणाच्या आधी मोटार बंद केली. कोणाला दाखवायचे नव्हते, पैज नव्हती. बाबांच्या त्या पहिल्या वाक्यात काय आहे ते पाहायचे होते. विजेच्या सायकलचे वजन पंचवीस किलोंच्या घरात असते, शिवाय सामान. मोटार थांबताच ती सायकल राहत नाही, कोणी तरी मागून धरून ठेवलेले धूड होते. दोनशे पावले पायडल मारले असेल. मग उतरलो आणि ढकलू लागलो. ढकलताना माणूस वाकतो, नजर रस्त्यावर खिळते, दरी दिसत नाही, झाडे दिसत नाहीत. दिसते ते फक्त पुढचे चाक. बाबांच्या वेळी तर मागे गाळा सुटलेला, पुढे घरी सांगायला काहीही नाही आणि पोटात पाव. अर्ध्या तासाने मी मोटार पुन्हा सुरू केली. त्यांना सुरू करायला काही नव्हते.

निघताना मनाला लागलेली खुट्टी तिथे निघाली. मोटार नसती तर मी कर्नाळ्यालाच परतलो असतो आणि बाबांचा घाट ऐकीवच राहिला असता. मोटार होती म्हणून घाटापर्यंत पोहोचलो, आणि ती बंद करता आली म्हणून त्यांच्या वाक्याचा अर्थ कळला.

खेड आणि परशुराम घाट उतरून चिपळूणला पोहोचलो. इथून जवळच सह्याद्रीच्या पोटात पोफळीचे वीजघर आहे. कोयनेचे पाणी डोंगराच्या आतून येते, जनित्रे फिरवते आणि मग वाशिष्ठीला मिळते. लॉजच्या भिंतीवर चार्जरचा तांबडा दिवा लुकलुकत होता, तेव्हा उगाच वाटले, की ही कोयनेचीच वीज. खरे तर सगळी वीज एकाच जाळ्यात मिसळते, त्यातली आपली कोणती हे सांगता येत नाही. पण एकट्या प्रवासात असले विचार येतात. मुंबईच्या गिरण्यांनाही डोंगरातल्या पाण्याचीच वीज मिळत होती. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ पासून त्यांना वीज पुरवू लागले. बाबांचे साचे असल्याच विजेवर चालले असतील. आठ-आठ तास त्यांनी जिची सोबत केली, ती त्यांच्या सायकलला मात्र कधी मिळाली नाही. सायकलला डायनामो होता. म्हणजे उलट पायांनीच वीज काढायची आणि आपल्यापुरता उजेड पाडायचा.

पुढे सावर्डे, संगमेश्वर, हातखंबा, पाली. कोकणात सपाटी म्हणून नाहीच. एक चढ संपला की उतार, उतार संपला की चढ. लांज्याच्या पुढे हवेत काजूच्या मोहोराचा वास होता. राजापूरला दुपारी एका खानावळीत चार तास बसलो, कारण बॅटरी भरायला तेवढा वेळ लागतोच. बाबांना असे थांबावे लागले नसेल. सहाव्या दिवशी दिवेलागणीला वाडीवर पोहोचलो. सगळ्या प्रवासाला मिळून पाच युनिटांच्या आत वीज लागली. पाणी तापवायचा गिझर अडीच तास चालू राहिला तर एवढी वीज सहज खातो.

आई पडवीत बसली होती. तिने आधी मला पाहिले, मग सायकल, मग बॅटरी. म्हणाली, ‘इलंस? बापाशीक तुझ्या पाच दिवस लागलेले, तुका सा लागले. मगे ही मोटार कित्याक व्हयी?’ माझ्याकडे उत्तर नव्हते. शेजारची पोरे मात्र पोट धरून हसली.

रात्री जेवणे झाल्यावर मी तिला म्हणालो, की एसटीच्या तिकिटाचेही पैसे नसावेत अशी वेळ बाबांवर आली होती, आणि ते आम्हाला कधी कळले नाही. तिने मान वर केली.

‘पैशे नव्हते असा कोणी सांगल्यान तुका? तिकिटीचे पैशे होते त्येंच्याकडे. माज्या हातात दिल्यानी ते. त्येंका यष्टीतसून स्टँडार उतराचा नव्हता. सगळे बघतले मां, रिकाम्या हातान इलेले. म्हणान सायकल. आणि गावात शिरले ते रातचे.’

एसटीच्या थांब्यावर मुंबईची गाडी येते तेव्हा काय होते, ते कोकणातल्या माणसाला ठाऊक आहे. कोण उतरले, ट्रंक केवढी, पोरांना काय आणले, हे गाडीचा धुरळा बसायच्या आत वाडीवाडीत पोहोचते. ते टाळण्यासाठी बाबांनी पाच दिवस सायकल हाकली, कशेडीत ती ढकलली, आणि वाचवलेले पैसे आईच्या हातावर ठेवले. आम्हा पोरांना सकाळी उठल्यावर बाबा अंगणात दिसले होते, एवढेच मला आठवते. ते केव्हा आले, हे तेव्हा कोणी विचारले नाही.

त्यांची काळी सायकल अजून गोठ्याच्या मागे आहे. साखळी गंजून एकजीव झाली आहे, सीटचे चामडे उंदरांनी खाल्ले. डायनामो मात्र जागेवर आहे. तिच्या शेजारीच माझी विजेची सायकल उभी केली आणि परतीचा प्रवास रेल्वेने केला. माझ्या चुलतभावाची मुलगी आता तीवरून कॉलेजला जाते. जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. आईचे सगळे लक्ष वीजबिलाकडे असते. परवा फोनवर सांगत होती, की बिलात काही फरक दिसत नाही, तेव्हा मीटरच बिघडला असणार, मी येऊन बघावा.