एका दिवसाची वेस

मी कविता करतो. पण विंचूरला मला खरी मागणी असते ती फॉर्म वाचून देणारा माणूस म्हणून. बी.ए. झालोय ना! दोन वर्षांपूर्वी जवळच्या एका लहान गावातून माझी भाची असाच एक फॉर्म घेऊन आली. "मामू, एवढं बघा. पोराला नवोदयला बसवायचंय."

जवाहर नवोदय विद्यालयांतली पहिली दोन १९८५-८६ साली सुरू झाली, हरियाणात झज्जरला आणि आपल्या अमरावतीला. नाशिक जिल्ह्याचे विद्यालय दिंडोरी तालुक्यात, खेडगावला आहे. सहावी ते बारावी, राहणे-जेवणे-पुस्तके मोफत. जागा जास्तीत जास्त ८०. पाचवीत परीक्षा होते, आणि ती एकदाच देता येते.

इंग्लंडात पुष्कळ शाळा घरापासूनचे अंतर मोजतात, म्हणून चांगल्या शाळेजवळ घरांचे भाव चढतात. नवोदयची वेस वेगळी आहे. मूल त्याच जिल्ह्यात राहणारे आणि त्याच जिल्ह्यात पाचवी शिकणारे हवे. म्हणजे येवल्यापलीकडे कोपरगावला आजोळी ठेवलेले मूल नाशिकच्या यादीत बसत नाही. शिवाय निदान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. ग्रामीण कोण? ज्याने तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण काढली तो. मधला एक दिवस जरी शहरातल्या शाळेत गेला, तरी तो शहरी. ग्रामपंचायत आहे म्हणजे गाव ग्रामीणच, असेही धरून चालू नये; जनगणनेने शहरी नोंदवलेला भाग शहरीच.

मी ते वाचले आणि गप्प झालो. पोराला तिसरीत येवल्याच्या इंग्रजी शाळेत घालायचा सल्ला माझाच होता. एस.टी.ची दगदग सोसेना, म्हणून दिवाळीनंतर तो जिल्हा परिषदेच्या शाळेत परत आला होता. पण येवल्याला नगरपालिका. ते चार-पाच महिने दाखल्यावर होतेच.

"आपण खेड्यातच राहतो की, मामू," भाची म्हणाली.

राहतो, पण इथे शाळेचा पत्ता मोजतात, घराचा नाही. नियम मला चुकीचा वाटत नाही. तो नसता तर शहरातल्या शिकवण्यांची मुले सगळ्या जागा घेऊन गेली असती. फक्त तो पाचवीच्या फॉर्मवर कळून उपयोग नाही, दुसरीतच कळायला हवा.

पोरगा उरलेल्या जागांसाठी बसला. त्या सर्वांना खुल्या, त्यामुळे चुरस मोठी. निवड झाली नाही. आता तो सातवीत आहे. नववीच्या रिकाम्या जागांसाठी आठवीत वेगळी परीक्षा असते. तिचे माहितीपत्रक भाचीने यंदाच आणून ठेवले आहे, आणि या वेळी आधी तिने स्वतः वाचले.