‘संशयाचा फायदा’ म्हणजे नेमकं काय?

‘संशयाचा फायदा देत आरोपीची निर्दोष मुक्तता.’ बलात्काराच्या खटल्याची अशी बातमी मोबाइलवर आली, की सकाळच्या टिटवाळा लोकलमध्ये शहाड यायच्या आत ग्रुपचा निकाल लागतो. एक म्हणतो, ‘बघ, खोटी केस होती.’ दुसरी म्हणते, ‘पैसे चारले असणार.’ निकाल मात्र कुणीच वाचलेला नसतो.

फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षाची असते. कुणाची तरी अनेक वर्षं तुरुंगात जाणार, तर खात्री हवीच. म्हणूनच ‘सिद्ध झालं नाही’ आणि ‘घडलंच नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

पण प्रत्येक संशय वाजवी असतो का? हा प्रश्न देशाला पडला तो महाराष्ट्रातल्याच एका खटल्यामुळे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका किशोरवयीन आदिवासी मुलीवर पोलिसाने बलात्कार केल्याचा आरोप झाला. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने तिलाच खोटी ठरवून दोन्ही आरोपी पोलिसांना सोडलं. १९७६ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना शिक्षा दिली. भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं सांगितलं. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता, हे त्यामागचं मोठं कारण.

आता विचार करा. पोलीस ठाण्यात, पोलिसाच्याच विरोधात, तिने ओरडून कुणाला बोलवायचं होतं?

हेच उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुल्या पत्रातून विचारलं. देशभर महिला रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं तिने कोर्टात सांगितलं, तर संमती नव्हती असंच गृहीत धरायचं, असं ठरलं. पुढे १९९६ मध्ये गुरमित सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की साक्ष विश्वासार्ह असेल तर तिच्या एकटीच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते. किरकोळ विसंगतीमुळे ती फेटाळू नये.

थोडक्यात, आरोपीची ओळखच नीट पटत नसेल, साक्ष मूळ मुद्द्यावरच बदलत असेल, तर तो संशय पुराव्यातून आलेला असतो. ‘उशिरा का बोलली’, ‘रडली का नाही’, ‘इतक्या रात्री तिथे काय करत होती’ हा संशय आपल्या डोक्यातून आलेला असतो.

आणि उद्या एखादी मैत्रीण तुमच्याशी बोललीच, तर लक्षात ठेवा, तुम्ही न्यायाधीश नाही. तिचं ऐकून घ्यायला, तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जायला पुरावा लागत नाही. मात्र ग्रुपवर तिचं नाव टाकू नका. तो गुन्हा आहे. आणि त्या मुलाला दोषी ठरवायची घाईही नको. ते काम कोर्टाचं.