ऐकू आले, पण उमगले का? : दैनंदिन इंग्रजी संभाषणाविषयी

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरातील धर्मग्रामांत मराठी भाविक अनेक भाषांच्या शेजारात राहतात. ठाण्याच्या गावठाणांतील जुनी ईस्ट इंडियन कुटुंबे, वसईहून येऊन स्थायिक झालेले, नगर-संगमनेर व जालना भागातून नोकरीधंद्यासाठी आलेले आपले बांधव, आणि त्यांच्याच बाकावर बसलेले मंगळुरी, गोवेकर, मल्याळी व तमिळ भाविक असे हे कुटुंब आहे. लॅटिन विधीचे येथील धर्मग्राम मुंबईच्या महाधर्मप्रांतात मोडतात. याच भूमीवर सिरो-मलबार विधीचा कल्याण धर्मप्रांत १९८८ साली स्थापन झाला आणि २०२५ साली त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. एवढ्या भाषा एकत्र नांदतात तेथे समाईक भाषा म्हणून पुष्कळदा इंग्रजीच पुढे येते. चर्चच्या आवारात, शाळेतील पालकसभेत, कचेरीत आणि इस्पितळात तिच्याशी गाठ पडतेच.

अशा वेळी आपल्या माणसांकडून एकच तक्रार ऐकू येते, की आम्हाला इंग्रजी बोलता येत नाही. आमच्या मते अधिक मोठी अडचण बोलण्याची नसून ऐकण्याची आहे. बोलताना चूक झाली तर समोरचा माणूस सांभाळून घेतो. ऐकताना झालेली चूक मात्र कोणाला दिसतच नाही. आपण मान डोलावतो, समोरच्याला वाटते समजले, आणि आपल्यालाही तसेच वाटते.

शब्द कळूनही आशय निसटणे हा काही इंग्रजीचाच दोष नव्हे. शुभवर्तमानात हे वारंवार घडते. प्रभू येशू परुशांच्या खमिरापासून सावध राहण्यास सांगतात आणि शिष्यांना आपण भाकरी आणायला विसरलो याची काळजी लागते (मार्क, अध्याय ८). निकदेम नव्या जन्माविषयी ऐकतो आणि म्हातारा मनुष्य मातेच्या उदरात पुन्हा कसा शिरेल, असे विचारतो. लाझर झोपला आहे असे प्रभू म्हणतात तेव्हा शिष्यांना वाटते, झोप लागली म्हणजे आता बरा होईल. शेवटी प्रभूंना उघडपणे सांगावे लागते, की लाझर मरण पावला आहे (योहान, अध्याय ११). शिष्यांची भाषा प्रभूंचीच होती. शब्दांपाशी ते थांबले, एवढेच.

आपली मराठी तरी कुठे सरळ बोलते? घरातून निघणारा माणूस ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणतो. दुकानदार दुकान बंद करतो तेव्हा ‘दुकान वाढवले’ म्हणतो. लग्नाच्या बोलणीत ‘बघू’ हे उत्तर आले, तर शहाणे आईबाप दुसरे स्थळ शोधू लागतात. हे आपल्याला कोणी शिकवले नाही. घरात ऐकून ऐकून अंगवळणी पडले. परक्या भाषेत मात्र अशा वाटा जाणून घ्याव्या लागतात.

इंग्रजीत विनंती बहुधा प्रश्नाचे रूप घेऊन येते. ‘वुड यू माइंड मूव्हिंग अ लिट्ल?’ असे शेजारी बसलेल्या बाईंनी विचारले, की आपण हसून ‘येस, येस’ म्हणतो आणि सरकतो. त्या क्षणभर गोंधळतात, कारण त्यांचा प्रश्न ‘थोडे सरकायला तुमची हरकत आहे का?’ असा होता आणि आपण हरकत आहे असे सांगून सरकलो. तेथे ‘नो, नॉट ॲट ऑल’ हे होकाराचे उत्तर आहे. ‘व्हाय डोन्ट यू मीट फादर?’ हे वाक्य ऐकून काहींना वाटते, आपण फादरांना का भेटत नाही याचा जाब विचारला जात आहे. वास्तविक तो सल्ला आहे : ‘फादरांना भेटून पाहा ना.’ ‘आय ॲम अफ्रेड द फॉर्म इज लेट’ यात कोणी भ्यालेले नसते. नकार मऊ करून सांगितलेला असतो. नोकरीच्या मुलाखतीनंतरचे ‘वी विल गेट बॅक टु यू’ हे आपल्या ‘बघू’चेच भावंड. त्यावर विसंबून दुसरीकडचा अर्ज थांबवू नये.

याहून फसवा प्रकार नकारार्थी प्रश्नांचा. ‘डिडन्ट यू गेट द लेटर?’ असे विचारले असता मराठी माणूस मनात म्हणतो, ‘हो, नाही मिळाले’, आणि तोंडाने ‘येस’ म्हणतो. आपला ‘हो’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. इंग्रजीतील ‘येस’ मात्र पत्र मिळाले, असेच सांगतो. कचेरीतील कितीतरी वाद या एका शब्दातून उद्भवत असतील! उपाय साधा आहे. नुसते येस किंवा नो न म्हणता पूर्ण वाक्य बोलावे : ‘आय डिड नॉट गेट इट.’

कानाची अडचण आणखी वेगळी आहे. मराठीत आपण अक्षरांना साधारण सारखे वजन देत बोलतो. इंग्लंड-अमेरिकेच्या इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दांवर आघात येतो आणि मधले लहान शब्द जवळजवळ गिळले जातात. ‘आय कॅन कम’ हे वाक्य ‘आय कन् कम’ असे निसटते उच्चारले जाते. उलट ‘कान्ट’वर जोर पडतो, आणि त्यातील शेवटचा ट पुष्कळदा ऐकूच येत नाही. म्हणून ट शोधण्यापेक्षा जोर कोठे पडला हे ऐकावे. तीच गोष्ट संख्यांची. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’, ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत एकदा जोर शेवटी पडतो, एकदा सुरुवातीला. औषधाचे प्रमाण ऐकताना या फरकावर भिस्त न ठेवता ‘वन फाइव्ह की फाइव्ह झीरो?’ असे विचारून घ्यावे. आपल्या शेजाऱ्यांचे इंग्रजी मात्र त्यांच्या त्यांच्या मातृभाषेच्या चालीवर चालते. त्यामुळे मल्याळी फादरांचे प्रवचन समजणाऱ्याला परदेशी पाहुण्याचे भाषण अवघड जावे, यात कमीपणा नाही.

हे सारे आम्ही एका विशेष कारणासाठी लिहीत आहोत. ते कारण म्हणजे इस्पितळ.

अतिदक्षता विभागाच्या बाहेर डॉक्टर दोन मिनिटे येऊन जे सांगतात, त्यावर घराचे पुढचे सगळे निर्णय अवलंबून असतात. सांगणारे घाईत असतात, ऐकणारे भ्यालेले असतात, आणि भाषा अर्धी इंग्रजी असते. ‘रिपोर्ट निगेटिव्ह आहे’ हे ऐकून रडू कोसळलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. वास्तविक तपासलेला दोष आढळला नाही, अशी ती चांगली बातमी होती. ‘पेशंट इज स्टेबल’ याचा अर्थ रुग्ण बरा होत आहे असा नाही. प्रकृती आहे तेथेच आहे, तूर्त ढासळत नाही, एवढाच. म्हणून ‘क्रिटिकल बट स्टेबल’ या शब्दांत विसंगती नसते. ‘प्रॉग्नोसिस इज गार्डेड’ यातील गार्ड या शब्दावरून रुग्ण सुरक्षित असल्याचा भास होतो. डॉक्टरांना मात्र पुढे काय होईल याची हमी देता येत नाही, असे सांगायचे असते.

आणि मग ते वाक्य : ‘वी विल कीप हर कम्फर्टेबल.’ आईला आराम पडणार, असे मुले समजतात आणि घरी निरोप धाडतात, की काळजी नको. डॉक्टरांनी मात्र हळुवार शब्दांत सांगितलेले असते, की आता रोग हटवणारे उपचार उरलेले नाहीत. वेदना होऊ नयेत एवढेच पाहू. लाझर झोपला आहे, या वाक्याच्या जातीचे हे वाक्य आहे. ते वेळीच न उमगल्याची किंमत मोठी असते. गावाकडचा भाऊ वेळेवर पोहोचत नाही. पापनिवेदन राहून जाते. धर्मगुरूंना बोलावणे जाते तेव्हा रुग्ण शुद्धीवर नसतो, आणि अखेरचा ख्रिस्तप्रसाद घेणे त्याला शक्य होत नाही. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कार केवळ मरणासन्नांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले आहे. तरी आपल्याकडे अजूनही ‘फादर आले म्हणजे आशा संपली’ अशी धास्ती बाळगतात. त्या धास्तीत भाषेची ही गफलत मिसळली, की उशीर ठरलेलाच.

म्हणून इस्पितळात लाज बाजूला ठेवावी. डॉक्टरांचे बोलणे झाले, की आपल्याला जे समजले ते त्यांच्यासमोर मराठीत किंवा हिंदीत पुन्हा म्हणून दाखवावे : ‘डॉक्टर, म्हणजे आई बरी होईल अशी आशा आहे, की आता फक्त त्रास कमी करायचा आहे?’ प्रश्न कठोर वाटेल. पण त्याचे उत्तर हो किंवा नाही यात येते, आणि बहुतेक डॉक्टर असा थेट प्रश्न विचारणाऱ्याशी सरळ बोलतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेतही रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क नमूद आहे. तेव्हा ‘मराठीत सांगाल का?’ असे विचारणे ही याचना नव्हे. शक्य असल्यास दोघांनी मिळून ऐकावे आणि एकाने लिहून घ्यावे. संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तर हे अवश्य करावे.

न समजता मान डोलावण्याची सवय फोनवर आणखी घातक ठरते. पोलीस किंवा बँक अधिकारी असल्याचे सांगून अस्खलित इंग्रजीत धमकावणारे भामटे याच सवयीवर जगतात. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही अटक आपल्या कायद्यात नाही. समोरच्याचे इंग्रजी जितके भारदस्त तितके आपण मुकाट होतो, हे त्यांना ठाऊक असते. फोन ठेवून द्यावा आणि घरातल्या माणसाशी बोलावे.

आतापर्यंत ऐकणाऱ्यांविषयी लिहिले. आता ज्यांचे इंग्रजी चांगले आहे त्यांच्याविषयीही थोडे लिहिले पाहिजे. धर्मग्रामाच्या काही सभांत चर्चा इंग्रजीत चालते, शेवटी ‘एनी ऑब्जेक्शन?’ असे विचारले जाते, मागच्या रांगा गप्प राहतात, आणि ती शांतता संमती म्हणून नोंदली जाते. ती संमती नव्हे. मागच्या रांगेत बसलेल्या मावशींना वर्गणी वाढल्याचे पुढच्या महिन्यात कळते आणि मग कुरबुर सुरू होते. पोप फ्रान्सिस यांनी २०२२ सालच्या जागतिक संपर्क दिनासाठी अंतःकरणाच्या कानाने ऐकण्याचा विषय दिला होता. २०२१ ते २०२४ या काळात चाललेल्या सिनडच्या प्रक्रियेतही एकमेकांचे ऐकणे हाच गाभा होता. पाच मिनिटे थांबून ठराव मराठीत सांगणे हे त्यातलेच काम आहे. गैरसमज तर नावापासूनच सुरू होतात. येथील मूळच्या मराठी भाषिक ख्रिस्ती समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी, ईस्ट इंडिया कंपनीशी असलेल्या जुन्या संबंधाची आठवण म्हणून ईस्ट इंडियन हे नाव धारण केले. आजही बाहेरच्या लोकांना हे लोक बंगाल किंवा ओडिशाकडून आले असावेत असे वाटते!

दुभाष्याचे काम ख्रिस्तसभेत कधीच हलके मानले गेलेले नाही. ठाण्यात १३२१ साली हौतात्म्य पत्करलेल्या चार फ्रान्सिस्कनांपैकी तिफ्लिसचे बंधू देमेत्रियस हे धर्मगुरू नव्हते; अनेक भाषा जाणणारे म्हणून ते इतरांच्या सोबत होते. आणि भाषेचा हा प्रवास उलट दिशेनेही झालेला आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे जेज्विट १५७९ साली गोव्यात आले. येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती आहे, हे त्यांनी १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात नमूद केले. पुढे त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. एवढे लिहिण्यापूर्वी त्या इंग्रज माणसाने आपल्या लोकांचे बोलणे किती वर्षे निमूटपणे ऐकले असेल!

इंग्रजी ऐकण्याच्या सरावासाठी महागडे वर्ग लावण्याची घाई करू नये, असे आम्हाला वाटते. आपल्या हाताशी एक चांगले साधन आहे. लॅटिन विधीत रविवारची वाचने सर्व भाषांत तीच असतात. शनिवारी रात्री उद्याचे शुभवर्तमान मराठीत सावकाश वाचावे आणि महिन्यातून एखाद्या रविवारी इंग्रजी मिस्साबलिदानाला जावे. हातातील पत्रक मिटून ठेवावे व वाचकाच्या चेहऱ्याकडे पाहून ऐकावे. गोष्ट आधीच ठाऊक असल्याने अर्थाची धावपळ उरत नाही आणि कान आवाजाकडे मोकळा होतो : कोणता शब्द जोराने आला, कोणता गिळला गेला, प्रश्न कोठे वर चढला. पहिल्या दोन-तीन वेळा निम्मेच हाती लागेल. प्रवचनातील एखादे वाक्य निसटले, तर मिस्सा संपल्यावर आवारात फादरांना गाठून ते काय होते हे विचारावे. मराठीत विचारले तरी चालेल.