ब्रिटनची खाजगी अरण्ये आणि करसवलत : एक मागोवा

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी सागरी मार्ग रोखले आणि खाणींतील टेकूंच्या लाकडाचीही भ्रांत पडली, तेव्हा ज्याच्या भूमीचा जेमतेम विसावा हिस्सा वनाच्छादित उरला होता त्या ब्रिटनला आपल्या वनदारिद्र्याची तीव्र जाणीव झाली, आणि १९१९ मध्ये वन आयोग अस्तित्वात आला. तथापि बरीचशी जमीन खाजगी मालकीची. आणि आजोबाने लावलेले झाड नातवाने तोडावयाचे अशा या व्यवसायाला दरसाल आकारणीचा प्राप्तिकर मुळातच जुळणारा नव्हता.

यावर काढलेली तोड मोठी उदार होती. प्राप्तिकराच्या ‘शेड्यूल बी’ या वर्गाखाली राहणाऱ्या मालकावर, लाकूड कितीही विकले तरी, पडीक जमिनीच्या नाममात्र वार्षिक मूल्याच्या एक तृतीयांशावरच कर बसे, ‘शेड्यूल डी’ पत्करणाऱ्याला लागवडीचा खर्च आपल्या इतर उत्पन्नातून वजा करता येई, आणि वृक्ष पक्व होण्याच्या सुमारास वहिवाट दुसऱ्याच्या नावे झाली की नव्या धारकाला पुन्हा ‘बी’चा आश्रय मोकळा असे. धंदा नफ्याच्या हेतूने चालावा, याखेरीज करकायदा फारसे काही विचारीत नसे. १९४७ च्या समर्पण योजनेत अनुदानाच्या मोबदल्यात मालकाकडून व्यवस्थापनाचा आराखडा लिहून घेतला जाई. माझ्या मते खरे शहाणपण तेथे होते, परंतु श्रीमंत करदात्याला ओढ लागली ती सवलतीची.

तिचे पर्यवसान १९८० च्या दशकात स्कॉटलंडच्या उत्तर टोकास, केथनेस आणि सदरलंड येथील ‘फ्लो कंट्री’ नामक विस्तीर्ण पाणथळ प्रदेशात झाले. साठ टक्के कर भरणाऱ्याला लागवडीचा एक पौंड खर्च, अनुदान सोडूनही, चाळीस पेन्सलाच पडे. साहजिकच, ज्यांनी ती भूमी कधी पाहिलीही नसेल अशा धनिकांच्या पैशावर, हजारो वर्षे शेवाळाचे थर साचून बनलेल्या पीटमध्ये नांगर घालून चर खणले गेले आणि सिटका स्प्रूस व लॉजपोल पाइन यांच्या रांगा उभ्या राहिल्या. जमीन कोरडी पडू लागली. डनलिन, ग्रीनशँक यांसारख्या पक्ष्यांची वीण संकटात आली. निसर्गसंवर्धन परिषदेने १९८७ मध्ये अहवाल प्रसिद्ध करून या विनाशाला वाचा फोडली.

१५ मार्च १९८८ रोजी अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी अंदाजपत्रकात ही व्यवस्था मोडीत काढली : लाकडाच्या विक्रीवर प्राप्तिकर नाही, पण लागवडीच्या खर्चाची वजावटही नाही. भर अनुदानांवर आला आणि रुंदपर्णी वृक्षांना त्यांत अधिक दर मिळाला. सूचिपर्णी लागवड झपाट्याने घटली, याचे लाकूड-व्यावसायिकांना वाईट वाटले आणि त्यांची चिंता अगदीच अनाठायी नव्हती. पण झाड कोठे लावले व पुढे ते कसे राखले हे न पाहता केवळ खर्चाला बक्षीस देणे राज्याला शोभणारे नव्हते. १९९५ पासून पक्षिसंरक्षण संस्थेने फ्लो कंट्रीतील फॉर्सिनार्ड येथे जमीन घेऊन तीच झाडे तोडण्याचे आणि तेच चर बुजविण्याचे काम आरंभिले. त्यासाठी पुढे युरोपीय सार्वजनिक निधीही खर्ची पडला.