डार्थ व्हेडरची डागडुजी

फायबरग्लासचं सिनेमातलं चिलखत घरी आलं, की खरं काम सुरू होतं. पॉलिश पेपर, पुट्टी, प्रायमर आणि भरपूर पेशन्स. शिवाय एक प्रश्न : घासायचं, पण कुठवर?

डेस्कवर चिमुकला योडा ठेवणारे ‘स्टार वॉर्स’ फॅन प्रत्येक ऑफिसात एक-दोन तरी सापडतातच. पण काहींचं तेवढ्यावर भागत नाही. त्यांना हवा असतो अख्खा डार्थ व्हेडर! हेल्मेट, मुखवटा, छातीवरचं चिलखत, सगळं लाइफ साइझ. तेही खेळण्याच्या दुकानातलं पातळ प्लॅस्टिक नको, सिनेमात होतं तसं फायबरग्लास हवं.

अशी रेप्लिका हातात पडते ती बहुतेक वेळा कच्ची. कडा ओबडधोबड, मधोमध साच्याच्या सांध्याची रेघ, जागोजागी सुईच्या टोकाएवढी भोकं. सेकंडहॅण्ड असेल तर तडे आणि रंगाचे पोपडे बोनस! खोका उघडल्यावर पहिली रिअॅक्शन ठरलेली : ‘हा व्हेडर? हे तर पाण्याच्या टाकीचं झाकण वाटतंय!’

टेन्शन नको. ओरिजिनलसुद्धा काही आभाळातून पडलेला नव्हता.

हातानं घडलेला खलनायक

१९७७मध्ये पहिला ‘स्टार वॉर्स’ आला. राल्फ मॅक्वारी या चित्रकारानं व्हेडरचं पहिलं रूप रेखाटलं. हा गडी अंतराळातून एका यानातून दुसऱ्या यानात शिरणार, मग श्वास कसा घेणार? म्हणून आला मुखवटा. कॉस्च्युम डिझायनर जॉन मोलो हे लष्करी गणवेशांचे जाणकार. मोटरसायकलचा सूट, जर्मन शिरस्त्राण, गॅस मास्क आणि मध्ययुगीन झगा अशी भेळ करून त्यांनी व्हेडर उभा केला आणि ऑस्करही घेतलं. हेल्मेट आणि चिलखत मातीत घडवलं ब्रायन म्यूर या शिल्पकारानं. तेव्हा तो पंचविशीच्याही आत होता. मातीवरून साचे निघाले, साच्यांमधून फायबरग्लासचे भाग.

आता गंमत बघा. म्यूरनं हे काम कॉम्प्युटरवर नाही, हातानं केलं. त्यामुळे व्हेडरच्या चेहऱ्याची डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी नाही. आपल्या चेहऱ्याची तरी कुठे असते? पुढे २००५च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’साठी कॉम्प्युटरच्या मदतीनं हा चेहरा दोन्हीकडून एकसारखा करण्यात आला. दिसायला एकदम परफेक्ट. तरीही बरेच जुने फॅन आजही १९७७च्या वाकड्या व्हेडरवरच फिदा आहेत. २०१६च्या ‘रोग वन’मध्ये तर पडद्यावरचा व्हेडरही पुन्हा त्या पहिल्या लूककडे वळला.

कुणाची खोट, कुणाचा हात?

डागडुजीचा सगळा फंडा इथेच आहे. तुमच्या समोरच्या तुकड्यात दोन प्रकारच्या ‘चुका’ असतात. पहिल्या शिल्पकाराच्या हातच्या : एका बाजूला किंचित झुकलेला गाल, कमी-जास्त फुगीर कडा. दुसऱ्या साच्याच्या आणि घाईच्या : हवेचे बुडबुडे, सांध्याची रेघ, राळ साचून झालेले गोळे. पहिल्या जपायच्या, दुसऱ्या काढायच्या. हे ओळखता आलं नाही, तर पॉलिश पेपर हातात घेऊन माणूस चार वीकेंड झपाटल्यासारखा घासतो आणि शेवटी चेहराच गुळगुळीत करून बसतो.

त्यातच रेप्लिकेवरून साचा आणि साच्यावरून पुन्हा रेप्लिका, असं पिढ्यान्‌पिढ्या चालतं. पॉलिएस्टर रेझिन सुकताना थोडं आकसतं. त्यामुळे दर पिढीगणिक तुकडा जरासा लहान होतो, धारदार कडा बोथट होतात. झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स म्हणा ना! म्हणून घासायला घेण्याआधी सिनेमातले फोटो समोर लावा. पेन्सिलनं तुकड्यावर खुणा करा. हे ठेवायचं, हे काढायचं. पहिली संध्याकाळ फक्त बघण्यात गेली तरी चालेल.

चला, बाह्या सरसावा!

धुलाई : साच्यातून तुकडा सुटावा म्हणून आत मेण लावलेलं असतं. त्याचा थर तुकड्यावर उरतो आणि त्यावर रंग धरत नाही. आधी साबण-पाण्यानं खसखसून धुवा. सुकल्यावर अॅसिटोननं पुसा.

तडा तपासा : तड्याशेजारी अंगठा दाबा. कडा हलल्या, तर तडा आरपार आहे. हलल्या नाहीत, तर बहुधा फक्त वरचा जेलकोटचा थर फुटलाय. नाण्यानं टकटक करून आवाजही ऐका. एखाद्या ठिकाणी बद्द वाजलं, तर आतले थर सुटलेत असं समजा.

आतून बांधणी : आरपार तडा नुसत्या पुट्टीनं बुजवला तर तो पुन्हा डोकं वर काढणारच. तड्याच्या टोकाला बारीक छिद्र पाडा, म्हणजे तो पुढे पळत नाही. आतली बाजू ८० नंबरच्या पेपरनं खरबरीत करा आणि तिथे ग्लास मॅटचे दोन-तीन थर रेझिनमध्ये भिजवून बसवा. रेझिनमध्ये हार्डनर साधारण एक ते दोन टक्के. जास्त घातला की रेझिन तापतं, ठिसूळ होतं आणि भांड्यातच दगड होऊन बसतं.

पुट्टी : आता बाहेरून तड्याची व्ही आकाराची खाच करा आणि गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये वापरतात ती पुट्टी भरा. बारीक भोकांवर पुट्टीचा पूल बांधू नका. आधी टोकदार हत्यारानं भोक मोठं करा, मग भरा. नाहीतर रंग दिल्यावर ते हमखास उघडं पडतं.

घासणं : १२०पासून सुरुवात, मग २२०, मग ४००. सपाट भागावर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या खुणांचे खड्डे पडतात. पुढे ६०० आणि १०००चा वॉटर पेपर, पाणी लावून.

गाइड कोट : ही ट्रिक भारी आहे. करड्या प्रायमरवर काळ्या स्प्रेचा अगदी हलका फवारा मारा आणि ठोकळ्यानं घासा. उंचवट्यावरचा काळा रंग निघून जातो, खड्ड्यातला तसाच राहतो. हाताला न जाणवलेला खड्डा डोळ्यांना दिसतो. पुट्टी, प्रायमर, फवारा, घासणं, पुन्हा पुट्टी. हा खेळ तीन-चार वेळा करावाच लागतो. चकचकीत काळा रंग काहीही लपवत नाही, उलट चाडी करतो!

रंग : ‘व्हेडर म्हणजे काळा’ हा आणखी एक गैरसमज. मुखवट्यावर काळ्यासोबत गनमेटल, म्हणजे बंदुकीच्या नळीसारखा करडा रंगही आहे. त्यामुळे प्रकाश कसाही पडला तरी चेहऱ्याचे चढ-उतार उठून दिसतात. पूर्ण काळा रंगवलेला मुखवटा फोटोत नुसता काळा गोळा दिसतो. आणखी एक : मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लॅकर फवारू नका. दमट हवेत त्यावर दुधाळ धूर धरल्यासारखा थर येतो. दिवाळीनंतरचा कोरडा वीकेंड बेस्ट.

अंगाशी येऊ नये म्हणून

* काचेच्या तंतूंची धूळ त्वचेला खाजवते आणि फुप्फुसात जाते. चांगला धुळीचा मास्क, गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट मस्ट. शक्यतो पाणी लावूनच घासा.
* रेझिनच्या वाफांना साधा मास्क पुरत नाही, कार्बन कार्ट्रिजवाला लागतो. वन बीएचकेच्या बेडरूममध्ये हे काम करूच नका. गच्ची गाठा आणि शेजाऱ्यांना आधी सांगा.
* आपल्याकडे रेझिनसोबत कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन बाटल्या मिळतात. या दोघांना थेट एकत्र करायचं नाही, कधीच नाही! स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मग हार्डनर. हार्डनर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते.
* दोन भागांच्या क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा जडू शकतो. तो शेवटचा हात पेंट बूथ असलेल्या गॅरेजवाल्याकडून मारून घ्या. त्यात कमीपणा नाही.

एवढा खटाटोप कशासाठी?

आई विचारते, मॅनेजर विचारतो, लग्न झालं असेल तर बायको किंवा नवरा रोज विचारतो. उत्तर म्हणून अमेरिकेतली एक गोष्ट सांगता येईल.

१९९७मध्ये आल्बिन जॉन्सन यांनी ‘५०१ लीजन’ हा कॉस्च्युमवाल्यांचा क्लब सुरू केला. आज तो अनेक देशांत पसरलाय. सिनेमातल्या पोशाखाशी अगदी बारकाव्यांसह जुळल्याशिवाय सभासदत्व मिळत नाही. तिथले व्हेडर आणि ट्रूपर हॉस्पिटलांत आजारी मुलांना भेटतात, चॅरिटीसाठी उभे राहतात. जॉन्सन यांच्या स्वतःच्या छोट्या मुलीला मेंदूचा कॅन्सर झाला. आपल्या उशाशी पहारा द्यायला आर-टू रोबो हवा, असं तिनं मागितलं. रोबो बनवणारे हौशी कामाला लागले आणि एक रोबो गुलाबी रंगात तिच्या भेटीला आला. २००५मध्ये ती गेली. तिच्या नावानं बनलेला गुलाबी ‘आर-टू-केटी’ पुढे २०१५च्या ‘द फोर्स अवेकन्स’मध्ये पडद्यावरही झळकला.

हॉस्पिटलच्या खाटेवरचं पोर साच्याची रेघ मोजत नाही, हे खरं. पण समोर उभा आहे तो व्हेडरच आहे, यावर त्याचा विश्वास बसावा लागतो. सुटलेली पुट्टी आणि डुगडुगणारी छाती दिसली, की जादू संपली. घासायचं कुठवर, याचं उत्तर यातच सापडतं. ज्यामुळे जादू तुटते ते सगळं काढायचं. ज्यामुळे चेहरा जिवंत वाटतो त्याला हात लावायचा नाही.

एवढं मात्र ध्यानात ठेवा : स्वतःसाठी बनवणं वेगळं आणि धंदा वेगळा. स्टॉर्मट्रूपरच्या हेल्मेटवरून लुकासफिल्म आणि ते बनवणारे अँड्र्यू आइन्सवर्थ यांच्यात झालेला खटला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. हेल्मेट हे शिल्प नव्हे, असा निकाल २०११मध्ये लागला, पण तो त्या देशापुरता. तेव्हा विकायचा विचार असेल तर आधी वकील गाठा.

बाकी दिवसभर आपण स्क्रीनवर जे करतो त्यात ‘अनडू’ असतं. इथे नाही. जास्त घासलेली कड परत येत नाही, ती पुन्हा भरूनच काढावी लागते. म्हणून हात आपोआप सावकाश चालतो आणि डोकं शांत होतं. येत्या शनिवारी ट्राय करून बघा. पण मास्क लावून, बरं का. तोही व्हेडरचा नाही, धुळीचा!